गाठ आवळणारा रेणू

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेत मी गाठी आवळतो. हे वाक्य माझेच. भाच्याच्या साखरपुड्यात, जिलेबीचे ताट हातात धरून, मी ते राजगुरुनगरच्या समस्त पाहुण्यांना ऐकवले होते. डीएनए म्हणजे पिळाची शिडी, एवढे शाळेतली मुलेही सांगतात. माझ्यासारख्या विद्वानाने तेवढ्यावर कसे थांबावे? म्हणून पुढचेही सांगितले. काही ठिकाणी त्याचा एकच धागा दुमडून चौपदरी गाठ होते. आमचा चपटा रेणू त्या गाठीवर जाऊन बसतो. मग ती तापवूनही सहजी उकलत नाही, आणि कर्करोगाच्या पेशीची वाढ अडते. हे सारे अद्याप परीक्षानळीतच घडते आणि अशा गाठी निरोगी पेशींतही असतात, हा किरकोळ तपशील मी केवळ पाहुण्यांचा वेळ वाचावा म्हणून गाळला.

पुढे थोरल्या बहिणीच्या मानेत गाठ आली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, हे मला भाच्याकडून कळले, तेही दोन महिन्यांनी. मी तडक तिच्या घरी गेलो.

"अगं ताई, थांबलीस कशाला?"

"तुझ्या औषधासाठी. घरचं औषध असताना कापाकापी कशाला?" मग जरा घुटमळून म्हणाली, "पर एक इचारू? तू तर गाठ आवळतो म्हनालास. माझी आवळून काय करू? मला इरघळवायची हाय!"

भाचा खो खो हसला. मला ते जमले नाही.

"ताई, ती गाठ वेगळी. आणि ते औषध नाही गं, नुसता नळीतला द्रव आहे. त्याचे औषध होईल की नाही, हेही ठाऊक नाही."

"मंग त्या दिशी का बोलला न्हाईस?"

आमच्याकडे महागडी उपकरणे पुष्कळ आहेत; या प्रश्नाचे उत्तर देणारे एकही नाही.

दुसऱ्या दिवशी तिला चिंचवडच्या शल्यचिकित्सकांकडे नेले. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हाही ती गळ्याभोवती पदर घेऊन बसली होती.

डॉक्टरांनी मान चाचपली, जुने कागद पाहिले आणि कोरडेपणाने विचारले, "इतका उशीर का केलात?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात माझ्याकडे न बघता ताई म्हणाली, "कांदा काढायचा व्हता, डॉक्टर. मजूर मिळंनात."

शेतकऱ्यांच्या बेफिकिरीवर डॉक्टर बराच वेळ बोलले. तिने ते सारे निमूटपणे ऐकून घेतले. मी फक्त शस्त्रक्रियेची तारीख विचारली.