हौदातला जंतू

"हिला कोल्डरूममध्ये बसवा. गारव्यात वास दबतो."

नोकरीचा पहिला दिवस. कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, हे माझ्याशी नाही, ऑफिसातल्या कारकुनाशी बोलले. मी तिथेच उभी होते. सकाळी साबण लावून दोनदा अंघोळ केली होती. धुतलेली साडी, केसांत अबोलीचा गजरा. कारकून हसला. मी मान खाली घातली आणि त्याच्या मागोमाग गेले. तेव्हा मान खाली घातली, हे अजून सलतं.

आमचं घर कातडं कमावणारं. खालापूर तालुक्यातलं गाव, वस्तीच्या टोकाला घर, घरामागे बापाचा हौद. त्यात कातडी भिजत पडायची. केस सुटले की बाप ती घासून साफ करायचा. त्या वासात मी जेवले, अभ्यास केला, बी.एस्सी. झाले. शाळेत पोरं नाक धरायची. प्रयोगशाळेत तसं होणार नाही असं वाटलं होतं. शिकलेली माणसं ना ती. काय भाबडी होते मी.

कंपनी कर्जतजवळची. कातड्यावरचे केस चुन्याशिवाय काढणारा एन्झाइम तिला हवा होता. सर ठिकठिकाणची माती तपासून थकले होते. न राहवून मी म्हटलं, "सर, आमच्या हौदात चुना कमी पडला तरी केस सुटतात." दोन दिवसांत जीप आमच्या दारात.

बापाची धांदल उडाली. "पोरी, सायबाला खाट टाक गं."

सरांनी नाकावरचा रुमाल काढला नाही. हौदापासून लांब उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू उतर. तळातला गाळ घे." मी साडी खोचून उतरले, बाटली भरली.

बापाने विचारलं, "सायेब, आमच्या हौदाचं नाव लागंल का कुठं?"

सर जीपमध्ये जाऊन बसले. उत्तर मी दिलं. "लागेल, बाबा."

त्या गाळात हवा तो जंतू सापडला. त्याचं एन्झाइम बनवणारं जनुक काढून सरांनी प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या दुसऱ्या जंतूत घातलं. तो फ्लास्कमध्ये भराभर वाढायचा आणि आमच्या जंतूचा एन्झाइम बनवून द्यायचा. पण त्यात त्याची स्वतःची कितीतरी प्रथिनं मिसळलेली. त्यातून हा एकच वेगळा काढायचा, हे काम माझं. कोल्डरूममध्ये स्वेटर घालून बसायचं. काचेच्या उभ्या नळीतून द्रव थेंब थेंब गळायचा, तो परीक्षानळ्यांत धरायचा. मग बघायचं, कुठल्या नळीतला थेंब बशीत गोठवलेला दुधाचा थर खातो; त्याच नळीत एन्झाइम.

बाहेर चहाच्या वेळेला हसणं चालायचं. मला कोणी हाक मारायचं नाही. दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा नाही, संध्याकाळी घरी बोलायला गेलं की घसा बसलेला असायचा.

हा एन्झाइम प्रथिनं खातो. सगळ्यांपासून वेगळा काढला की खायला दुसरं काही उरत नाही, मग तो स्वतःलाच खात सुटतो. म्हणून थंडीत ठेवायचा. हे कळलं त्या दिवशी मी नळ्या तशाच धरून बसून राहिले. माझंही तेच चाललं होतं. मी फार एकटी होते आणि हे कुणाला सांगत नव्हते.

शेवटी शुद्ध एन्झाइमचे स्फटिक धरले. मोहरीहून बारीक, लखलखीत. सूक्ष्मदर्शकातून बघितले आणि मला रडू फुटलं. सर ते मुंबईला घेऊन गेले. तिथे स्फटिकांवर क्ष-किरण सोडून फोटो काढले. त्या फोटोंवरच्या ठिपक्यांची गणितं करता करता बराच काळ गेला, पण एन्झाइमची रचना ठरली. पितळी तारांचं मॉडेल तयार होऊन आलं. मधोमध एक खाच होती, प्रथिन तिथे अडकतं आणि तुटतं. मी खाचेकडे बोट नेलं. सर म्हणाले, "हात लावू नकोस."

मग सभा झाली. मुंबईचे पाहुणे, कंपनीचे मालक. मी शेवटच्या रांगेत. सर छान बोलले. एका पाहुण्याने विचारलं, "मूळ जंतू कुठून मिळवलात?"

"इथल्याच एका भातशेतातली माती," सर म्हणाले.

मी उभी राहिले. "नाही सर. माझ्या बापाच्या कातड्याच्या हौदातला गाळ. बाटली मी भरली. तुम्ही लांब उभे होता."

कोणीतरी खाकरलं. सर पाहुण्यांकडे बघून हसले. "मुलगी जरा भावनाप्रधान आहे."

नंतर केबिनमध्ये बोलावलं. आवाज गोड. "या रचनेवरच्या लेखात तुझं नाव घालतो. तो हौद तेवढा राहू दे. बाहेरच्या देशात छापायचंय. कसं दिसेल ते?"

लेखात नाव. ज्या कोल्डरूममध्ये मला वासासाठी कोंडलं, तिथल्या सगळ्या कामावर माझं नाव. मोह झाला. खोटं कशाला बोलू?

"हौद वगळून मला माझं नाव नको," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही वगळलं. मी नोकरी सोडली. लेख छापून आला. त्यात भातशेतातली माती.

बाप हौदापाशीच होता. म्हणाला, "लागलं का गं नाव?"

"नाय लागलं, बाबा."

त्याने हातातलं कातडं पालथं केलं. घासायला घेतलं. मग म्हणाला, "मंग? गप बसनार हायस तू?"

आता मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या महिन्यात सर मुंबईत याच रचनेवर बोलणार आहेत. सभा सगळ्यांना खुली आहे. मी जाणार. बापाला घेऊन जाणार. पहिल्या रांगेत बसणार. जंतू कुठून आणला, हा प्रश्न या वेळी मी विचारणार. खरं उत्तर त्यांच्या तोंडून येईपर्यंत मी खाली बसणार नाही.