गिलासगाव

आमच्या जूचंद्रमध्ये परदेशी जाण्याची तीनच कारणं चालतात. शिकायला, नोकरीला, नाहीतर नवऱ्यामागे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शिकायला जात होते, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. उलट नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागला आणि त्यावर कुठूनतरी पैदा केलेला माझा बारावीतला फोटो होता. दुसऱ्यांदा निघाले ती चाळिशी उलटल्यावर, आणि या वेळचं कारण तिन्हींत बसेना. मला ते शहर आवडत होतं, एवढंच. नोकरी मिळाली होती, पण आधी जायचं ठरवलं आणि मग ती शोधली. हे असं उघड सांगितलं असतं तर गावकऱ्यांनी मला देवीच्या डोंगरावर नेऊन अंगारा लावला असता.

शहराचं नाव ग्लासगो. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं गिलासगाव करून टाकलं, आणि मग अख्ख्या आळीनं तेच नाव उचललं. माझ्या कामाचंही तिनं असंच सोपं करून ठेवलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तर ती कुणालाही सांगते, "पोर मालिश करते दवाखान्यान." मी कितीदा चिडले असेन, पण तिच्यावर काही परिणाम नाही.

ते शहर मला लगेच आवडलं असं काही नाही. पहिल्या हिवाळ्यात दुपारच्या चहालाच अंधार पडायचा, आणि मी खिडकीशी बसून नशिबाला बोल लावायचे. मग एके दिवशी माझ्यावर जिना धुवायची पाळी आली. जुन्या दगडी इमारतीत आम्ही काही घरं एकाच जिन्यावर राहायचो, आणि तो जिना पाळीपाळीनं धुवायची तिथली पद्धत होती. ज्याची पाळी त्याच्या दाराला शेजारी एक पाटी अडकवून जायचा. मी बादली घेऊन वरपासून खालपर्यंत जिना खसाखसा धुतला. पण धुतलेली जागा नुसती सोडून द्यायची म्हणजे आमच्या गावच्या पोरीला चैन पडत नाही. आमच्याकडे चालता येण्याआधी मुलांच्या हाताला रांगोळी लागते. घरात खडू होता, त्यानं खालच्या पायरीच्या कडेला वेलीची एक ओळ ओढली.

तळमजल्यावरच्या म्हातारबाई दार उघडून बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, माझी आजी जिना धुतल्यावर पांढऱ्या मातीच्या खड्यानं अशीच वळणं काढायची, इतक्या वर्षांत कुणी काढली नाहीत. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत कुथत खाली बसल्या आणि माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी माझ्या वेलीशेजारी आपली वळणं काढली. ती वाकडी होती, आणि त्या स्वतःच त्यांना हसल्या. त्यानंतर मी त्या शहराला नावं ठेवणं बंद केलं.

आणि एकदा नावं ठेवणं थांबलं की माणूस बघायला लागतो. बसमधून उतरताना तिथे सगळे ड्रायव्हरचे आभार मानतात, अगदी शाळेतली टवाळ पोरंसुद्धा. थांब्यावर अनोळखी माणूस हवेबद्दल असा बोलतो जसा काही ती आम्हा दोघांची नालायक भाची आहे. बायकांना प्रेमानं 'हेन' म्हणतात, म्हणजे कोंबडी. फोनवर हे ऐकून आई उसळली होती. "तुला कोंबरी बोलतान? आनि तू गप बसतंस?" उन्हाळ्यात उजेड हटता हटत नाही, आणि लोक गवतावर असे पसरतात जसे आमच्याकडे वाळवणाचे पापड. मला ते सगळं आवडायला लागलं. का आवडलं याची कारणं पुरेशी नाहीत हे मला कळतं. पण माझ्या मैत्रिणींनी ज्यांच्याशी लग्नं केली त्यांचीही कारणं काही फार पुरेशी नव्हती.

शिकून झाल्यावर तिथेच नोकरी धरली आणि बरीच वर्षं राहिले. मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी परत आले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी त्याग वगैरे केला असंही नाही. लोकांच्या बापांना आयुष्यभर चालायला शिकवलं आणि स्वतःच्या बापाला दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी ओट्यावर आमची भांडणं व्हायची. ते मला शिव्या द्यायचे, मी त्यांना पाय उचलायला लावायचे, आई मध्ये चहा आणून ठेवायची. हळूहळू ते काठी घेऊन नाक्यापर्यंत जायला लागले, तिथे जुन्या मिठागरवाल्या दोस्तांत बसायला लागले. ती वर्षं चांगली गेली. मग एका पहाटे ते झोपेतच गेले.

गावाच्या डोळ्यांत मात्र मी परत आलेली मुलगी होते. सासर सोडून आलेल्या पोरीकडे जसं बघतात तसंच माझ्याकडे बघायचे, आवाज खाली करून विचारायचे, "तिकरं काय बिनसला काय गो?" मी म्हणायचे, काही बिनसलं नाही. ते मान हलवायचे, म्हणजे बिनसलं होतंच.

बाबा गेल्यावर मला त्या शहराची फार आठवण यायला लागली. मोबाईलवर रोज तिथली हवा बघायचे आणि जेवताना सांगायचे, आज तिथे गारा पडल्या. आई म्हणायची, "तुला कनाला पंचाईत? कपरे वालत घातलंस काय तिकरं?" भाऊ आणि वहिनी हसायचे. मी पण हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे.

नोकरीचं पक्कं झालं त्या दिवशी आई मागच्या दारी राख लावून निवट्या साफ करत होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातली बुळबुळीत मासळी, राखेशिवाय हातात राहत नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगून टाकलं की मी परत जातेय, आणि या वेळी राहायलाच जातेय.

तिचे हात थांबले नाहीत. "जा ना," ती म्हणाली. "कोन अडवतंय?"

आमच्याकडे या सुरातलं 'जा ना' म्हणजे जाऊ नको म्हणायचीच एक तऱ्हा. भाऊ म्हणाला, तू जा, आम्ही आहोत ना तिच्याजवळ. वहिनी म्हणाली, ताई, त्यांचं नका मनावर घेऊ. दोघांचंही बरोबर होतं. आईला एकटं टाकून मी जात नव्हते, घर भरलेलं होतं. पण मला तिच्या तोंडून खरं 'जा' हवं होतं. ते मिळालं नसतं तरी मी बहुधा गेले असते, आणि तिथे माझा जीव लागला नसता. मी स्वतःला इतपत ओळखते.

पहिल्या खेपेला बॅग तिनंच भरली होती. मसाला, सुकट, तांदळाचं पीठ, पापड, आणि माझे कपडे उरलेल्या जागेत. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा सुकटीच्या वासानं सगळी रांग मागे सरकली होती. या वेळी बॅग मधल्या घरात उघडी पडली होती आणि आई तिला वळसा घालून जायची. वहिनीनं मसाल्याची बरणी आणून ठेवली तर आई म्हणाली, "कनाला वजन करतंस? तिकरं सगला मिलतं."

एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी स्वेटर घड्या करत होते, ती शेजारी बसून सुपात तांदूळ निवडत होती, आणि मध्येच तिनं विचारलं, "तिकरं तुला कोन हाय?"

"कुणी नाही."

"खरा सांग. कोन असला तर सांग. गोरा असला तरी चालंल."

"कुणीही नाही, आई! मला ते गाव आवडतं. माणूस नाही, गाव. तुला कळत नाही का?"

"गाव कोनाला आवरतं? गावान रहातान, गाव आवरत नाय."

"मग तू तुझं गाव सोडून इथं कशी राहिलीस? इथं तुझं कोण होतं?"

"तुजा बापूस हुता."

"त्यांना तू ओळखत होतीस?"

यावर तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मी जरा जास्तच बोलले. बाबांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, पण त्यांचं नाव निघालं की तिचे डोळे भरून यायचे. बघते तर ती हसत होती.

"तुला म्हनून सांगतंय," ती म्हणाली. "कोनाला बोलू नको."

आईचं माहेर खाडीपलीकडचं. लग्नाआधी एकदा ती आपल्या आत्याबरोबर आमच्या देवीच्या जत्रेला आली होती. डोंगर चढून वर गेली आणि खाली बघितलं. मिठागरात मिठाच्या राशी उन्हात चमकत होत्या, मागे खाडी भरली होती, आणि उतरून गावातून चालली तर जत्रेचा दिवस म्हणून दारोदार रांगोळ्या. ती म्हणाली, "यवरा पांढरा गाव मी कंदी बघला नव्हता. आत्या चल चल करतंय, आनि माजा पाय निंगत नाय. मना गाव आवरला."

आमच्या बोलीत ड चा र होतो, त्यामुळे आवडणं आणि आवरणं एकच ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला वाटावं, बाईनं गाव झाडून-पुसून ठेवलं. पुढे तिला दोन स्थळं आली. एक जूचंद्रचं, म्हणजे बाबांचं; दुसऱ्या स्थळाचं घर मोठं होतं, शेती जास्त होती. तिनं हट्टानं जूचंद्र धरलं. तिच्या वडलांना वाटलं, जत्रेत इथल्या पोरानं काहीतरी गडबड केली, आणि ते कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

"आणि पोराचं काय?" मी विचारलं.

"पोराला मी लगनाच्या दिवशी बघला," ती म्हणाली आणि सुपातला खडा टाकून दिला. "बरा हुता."

मी हसून हसून स्वेटरांवर लोळले. मग म्हटलं, "बाबांना माहीत होतं हे?"

"कनाला सांगू? त्याला वाटायचा मी त्याच्यावर भाललेली." आणि थोडं थांबून म्हणाली, "मंग भालली ना. पन गाव आधी."

मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या घरात ती पद्धत नाही, म्हणून तिच्या सुपात हात घालून तांदूळ निवडायला लागले. तिनं आणखी दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "तिकरं डोंगर हाय?"

"आहेत. गावाबाहेर."

"खारी?"

"नदी आहे. पण भरती-ओहोटी येते तिला."

"मंग बरा," ती म्हणाली.

एवढंच. बॅगेला तिनं त्या दिवशीही हात लावला नाही आणि नंतरही नाही. जायचा दिवस आला. सकाळी बॅगा ओट्यावर निघाल्या, भाऊ गाडी घेऊन आला, शेजारची काकी बघायला आली. ही काकी आळीत काहीही घडलं तरी पहिल्या रांगेत असते. आई कुठेच दिसेना. मी मनात म्हटलं, ती आतच बसणार, आणि मला 'जा ना' वरच निघावं लागणार. पायात बूट घातलेले, आत जायचं तर ते काढावे लागणार, आणि मी दारात तशीच उभी. मला तिचा राग आला होता.

तेवढ्यात ती बाहेर आली. हातात ताट. ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण.

"ओढनी घे," ती मला म्हणाली.

"आई, जीन्स घातलीये मी."

"म्हनूनच बोलतंय, ओढनी घे."

वहिनीनं पळत जाऊन स्वतःची ओढणी आणली. मी ती खांद्यावरून घेऊन पुढे पसरली. आईनं मला कुंकू लावलं आणि ओंजळीनं तांदूळ घालायला सुरुवात केली.

काकीला राहवेना. "अगो, लगीन कुठं झायलाय तिचा? ओटी कनाला भरतंस?"

आईनं वर बघितलंसुद्धा नाही. "नांदाला चाल्ली ती."

"नांदाला? कोनाच्या घरा?"

"गावाला. गिलासगावाला."

मी इतके दिवस सगळ्यांना शिफ्ट होतेय, सेटल होतेय असलं काहीबाही सांगत फिरत होते, आणि कुणाला काही पटत नव्हतं. नांदायला म्हटल्यावर काकीसुद्धा पुढे काही विचारू शकली नाही. लेक नांदायला निघाली की बायका काय करतात ते तिला ठाऊक होतं. तिनं पुढे होऊन माझ्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली.

मग मला रडू फुटलं. चाळिशीच्या बाईनं, पायात बूट, पाठीवर सॅक आणि पुढे ओढणीत नारळ सांभाळत, आळीच्या देखत हुंदके देऊन रडावं, याला काही शोभा नव्हती, पण थांबेना. भाऊ डिकी लावता लावता म्हणाला, "बघा, नवरीच दिसते." त्याचाही आवाज धड नव्हता.

आईनं ओढणीची दोन टोकं घट्ट बांधून दिली. पदरानं माझं नाक पुसलं, अगदी लहानपणी पुसायची तसं, जोरात. मग तोंड माझ्या कानाशी आणून, काकीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "गप. आवरल्या गावाला चाल्लीस. मी नव्हती रडली."