विनिपेगचं नाणं आणि जांभळं ब्लाउजपीस

माझ्या हातून आजवर एकच वस्तू हरवली, आणि ती नेमकी कॅनडाची होती.

दोन हजार सहा-सातचा मे असेल. समुद्रपूरच्या वत्सलाताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांचा धाकटा नितीन विनिपेगहून सुटीवर आला होता. विनिपेग नेमकं कुठं आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं (आताही नकाशावर मी बोट अंदाजानंच ठेवते), पण हिवाळ्यात तिथं पापण्या गोठतात म्हणे. आमच्या देवळीत त्या दिवशी नळाच्या पाण्यात नुसती पत्ती टाकली असती तरी चहा झाला असता!

आम्हाला भेटून समुद्रपूरला परत जाताना नितीननं माझ्या हातात एक नाणं ठेवलं. रुपयाच्या दुप्पट. त्यावर कानटोपी घातलेलं पांढरं अस्वल, शेजारी उणे चाळीसवर टेकलेला थर्मामीटर, आणि मागं एक लांबलचक नंबर.

"मामी, हे माझ्या घरमालकिणीच्या पोरीचं, एमाचं. सात वर्षांची आहे. खेळ आहे हा. कोणी डब्यात लपवते, दुसरा शोधते अन् पुढच्या गावी नेऊन ठेवते. जिथं गेलं तिथून हा नंबर कम्प्युटरवर टाकला, की एमाले घरबसल्या समजते."

"अन् ठेवून घेतलं तं?"

"ठेवायचंच नाई. पुढं पाठवायचं."

"वापरायचं नाई, ठेवायचं नाई, नुसतं पुढं ढकलायचं! तिकडच्या लोकाईले काही कामधंदा हाये का नाई रे?"

तो हसला. म्हणाला, "एमाले शब्द देल्ला, तुमच्या उन्हात याचा फोटो काढतो अन् परत आणतो. हरवलं तं ती पोरगी जन्मात बोलणार नाई माझ्याशी. शनिवारी कॅमेरा घेऊन येतो. आईजवळ नाई ठेवत, तिनं ठेवलेलं तिलेच सापडत नाई."

नणंदेपेक्षा मी भरवशाची! एवढं एक वाक्य ऐकून त्या वेळची मी पन्नाशीची येडी पुरीसारखी टम्म फुगले. नाणं कुठं ठेवावं? कपाट नको, देव्हारा नको. ओटीच्या ब्लाउजपीसांच्या पेटीत एक तुकडा होता: जांभळ्यावर पोपटी ठिपके, वर प्लास्टिक, प्लास्टिकला पिन. चोरानंही हात लावला नसता असा! नाणं त्याच्या घडीत सरकवलं, पिन लावली आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन झोपले.

सोमवारी शेजारची मंदा दारात. "रोहण्याले चालली वहिनी, बहिणीकडं. येतो मी." ओटी भरल्याशिवाय सवाष्ण जाऊ द्यायची कशी? तिकडं गॅसवर दूध उतू चाललेलं. पेटीत हात घातला, वरचं आलं ते तिच्या ओटीत टाकलं आणि दुधाकडं धावले.

(दूध वाचलं, हे नमूद करते.)

शुक्रवारी सकाळी पेटी उघडली. जांभळं गायब! सोमवारचं दूध आठवलं. तशीच मंदाकडं गेले.

"मंदा, सोमवारचं ब्लाउजपीस दे बरं जरा."

"काऊन? देल्लेली ओटी कोणी वापस मांगते काय वहिनी! अन् ते तं मी शिवायले टाकलं."

"कोण्या टेलरकडं? चाल, मी येतो."

मंदा पदराच्या टोकाशी खेळायला लागली. "बहिणीले, कुसुमले देल्लं. तिले लय आवडलं."

देवळीहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून रोहणा. तीन एसट्या, उन्हाची लू लागू नये म्हणून पदरात बांधलेला कांदा, आणि डोक्यात एकच पोर, एमा. कुसुमनं पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. ब्लाउजपीस काही देईना.

"कपाटात जपून ठेवलं ना मी!"

"दाखव."

"चाबी हे घेऊन गेले."

कपाट उघडंच होतं. मी पाहिलं, तिनंही मला पाहताना पाहिलं.

"गुरुवारी समुद्रपूरले पूजेले गेलती ना मी," ती पुटपुटली, "तवा विहिणीले देल्लं."

विहीण म्हणजे आमच्याच वत्सलाताई! (कुसुमची पोरगी त्यांची थोरली सून. हे लग्न मीच जुळवलं होतं, केलेलं पुण्य असं फिरून येतं.) तिथूनच फोन लावला.

"ताई, कुसुमनं देल्लेलं जांभळं ब्लाउजपीस..."

"अवो वहिनी, ते तं गुरुवारीच म्या तुमच्या ओटीत टाकलं! तुमच्यासाठी मुद्दाम वर्ध्याहून आणलं होतं. उघडून नाई पाह्यलं काय?"

आणि मी काय म्हणावं?

"पाह्यलं ना ताई! लय छान हाये. शिवायले टाकलं!"

पुन्हा तीन एसट्या. घरी दारामागच्या खिळ्याला गुरुवारची पिशवी तशीच लटकलेली. ताईंकडच्या पूजेहून आल्यावर 'यांच्या ब्लाउजपीसात काय पाहायचं!' म्हणून मीच नाक मुरडून ती टांगली होती. वर नारळ, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जांभळं. पिन माझीच. चार बायकांच्या हातून फिरलं, पण एकीनंही ती काढली नव्हती. आत अस्वल शाबूत होतं. गरम झालं होतं, एवढंच.

शनिवारी फोटो निघाला. माझे सोललेले ओठ पाहून नितीननं खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. पठ्ठ्या पोट धरून हसला आणि वर्ध्याच्या सायबर कॅफेत जाऊन नंबर टाकून आला: देवळी, रोहणा, समुद्रपूर, पुन्हा देवळी.

महिन्याभरानं समुद्रपूरला एमाचं पत्र आलं, नितीननं फोनवर वाचून दाखवलं. आधी तिचं नाणं कुठल्याशा जंगलात दोन वर्षं एकाच डब्यात पडून होतं म्हणे. चार दिवसांत इतकी माणसं ते पुढं नेतात असा देश तिनं पाहिला नव्हता. तुझ्या मामीनं हा खेळ कुठं शिकला, असं तिनं विचारलं होतं.

मी कळवलं, आमच्याकडं जन्मतःच येतो.

नाणं विनिपेगला सुखरूप पोचलं. मीच पुढं ढकललेलं जांभळं ब्लाउजपीस मात्र मागच्या संक्रांतीला पुन्हा माझ्या ओटीत आलं. पिन तीच, आता गंजलेली. काढून पाहणार होते, पण तेवढ्यात दारात पाहुणी आली.