नोर्जमाचा तळहात

माझी सासू नोर्जमा हिला जाऊन सव्वीस वर्षं झाली. अजूनही धारेची वेळ झाली की तिची फार आठवण येते.

मेंढी ती डोळ्यांनी पारखायचीच नाही. "लोकर खोटं बोलते गं पोरी," म्हणायची. धारेसाठी आम्ही मेंढ्या समोरासमोर उभ्या करून त्यांच्या माना एका दोरात गुंफायचो. मग ती प्रत्येकीच्या पाठीवर तळहात दाबत जायची. कणा बोचला की गाठ सैल. "जा बाई. अंगावर चरबी नाही तर दूध कुठून आणणार? आहे ते लेकराचं."

नवी नवरी होते, मला भारी राग यायचा. अर्धी रांग रिकामी! मला तर माहेरी वाळवलेल्या दह्याच्या वड्यांची गोणी धाडायची होती. पोरगी भरल्या घरात पडलीय, हे आईला दिसायला नको?

त्या उन्हाळ्यात सासू आजारी बहिणीकडे वीस दिवस गेली. मी सगळ्या मेंढ्या बांधल्या. लोकर फुगलेली दिसली, म्हटलं धडधाकट आहेत. गोणी भरून माहेरी गेलीसुद्धा.

सासू परतली ती घोड्यावरून उतरून थेट कोकरांत शिरली. एकेक उचलून पाहिलं.

"हाडकुळ्यांनाही पिळलंस?"

मी मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. त्या मेंढ्या तिने चांगल्या गवतावर नेल्या, पण कोकरांची गेलेली वाढ काही परत आली नाही. शेजाऱ्याने विचारलं, "यंदा कोकरं किरकोळ का?" तर म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं."

हिवाळ्यात त्यातली नऊ कोकरं गेली. दर वेळी मी रडले. सासूने कातडी काढली, कमावली.

वसंतात मला मुलगा झाला. तिने त्याच कातड्यांचा छोटा डगला शिवून त्याला घातला.

"आई, मला हा बघवत नाही."

"मग बघू नकोस. त्याला ऊब लागते," असं म्हणून तिने मटणाच्या रश्श्याचा वाडगा माझ्या हातात दिला. "आणि तू आधी खा. तुझ्या अंगावर असेल तरच त्याच्या पोटात जाईल."

मी रडतरडतच वाडगा संपवला. तिने दुसरा भरला.