सात वाजताचं पाणी

बाबांना अख्ख्या विद्यापीठात नावानं कोणी ओळखायचं नाही. सगळ्यांचे ते 'सातवाले'. प्रयोगशाळेतले साधे मदतनीस, पण सकाळी सातच्या ठोक्याला विभागामागच्या तलावावर हजर. धक्क्याच्या टोकाला उभं राहून दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडायचा, घड्याळाकडे बघत पाच मिनिटं थांबायचं, वर ओढायचा आणि आकडा वहीत लिहायचा. एकतीस वर्षं हेच. दिवस चुकला तर वहीत रेघ मारायची, अंदाजानं काही लिहायचं नाही, असा नियम होता. बाबांच्या वह्यांत एकही रेघ नव्हती. आई म्हणायची, "सवत आणली असतीत तर निदान भांडता तरी आलं असतं. या तलावाशी काय भांडू?"

त्याच तलावापायी मी बाबांशी वीस वर्षं धड बोलले नाही.

आई गेली ती थंडीतली सकाळ. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच हात टेकले होते. पहाटेपासून तिला श्वास पुरेना. साडेसहाला बाबा उठले आणि चपला शोधायला लागले. आई कशीबशी म्हणाली, "अहो, आज नका जाऊ." "आलोच," म्हणाले, आणि गेले की हो! परत दारात उभे राहिले तेव्हा तिचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. मी विचारलं, "घेतलात आकडा?" त्यांनी नुसती मान हलवली. त्यानंतर आमच्यात जेवणखाण आणि औषधपाणी एवढंच बोलणं उरलं.

पुढे मी त्याच विभागात कारकून झाले. माझं नशीब, दुसरं काय! बाबा निवृत्त झाले आणि काही वर्षांनी विभागप्रमुख सरांनी मोठं संशोधन काढलं: हवामान बदलतंय तसा हा तलाव किती तापत गेला. त्यासाठी सगळ्या वह्या संगणकावर चढवायच्या होत्या, आणि काम आलं माझ्याच गळ्यात. ज्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं त्याचं अक्षर मी चार महिने रोज बघत बसले. काय सुरेख अक्षर होतं मेलं.

एक दिवस सरांची विद्यार्थिनी कागद घेऊन आली. "ताई, हा एक आकडा काढून टाका. आदल्या दिवशी चौदा, दुसऱ्या दिवशी चौदा, आणि मध्येच दहा? एवढा मोठा तलाव एका दिवसात असा गार होत नाही. कुणीतरी निष्काळजीपणा केलाय."

मी तारीख बघितली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "निष्काळजीपणा? मरणाऱ्या बायकोला सोडून जाऊन घेतलाय तो आकडा! हात लावायचा नाही!"

पोरगी पांढरीफटक पडली. माझं मलाच नवल वाटलं. वीस वर्षं ज्या आकड्याला शिव्या घातल्या त्याच्याच बाजूनं भांडत होते मी! पण तो कचऱ्यात गेला तर आई त्यांची वाट बघत गेली ती कशासाठी? एवढं तरी उरायला नको?

"मग तुम्हीच विचारा ना त्यांना," ती हळूच म्हणाली. "ते सांगतील तसं करू."

संध्याकाळी बाबांसमोर जाऊन बसले. म्हटलं, "थंडीतला एक आकडा चुकीचा आहे म्हणतात."

कुठला दिवस, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "आहेच चुकीचा. बाहेर कडाक्याची थंडी होती. तापमापक पाण्यात सोडला आणि लगेच ओढला. गार पारा पुरता चढलाच नव्हता अजून. तसाच वाचला आणि पळत सुटलो." मग म्हणाले, "म्हटलं, पाच मिनिटं वाचली तर गाठ पडेल."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो? धड तिच्याजवळ बसलो नाही, धड काम केलं नाही. रेघ मार तिथे. एव्हाना मीच मारायला हवी होती."

मला रडूबिडू आलं नाही, संताप आला. वीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढे हा माणूस पाण्याकडे बघत निवांत उभा होता. पळत येताना मी त्याला एकदाही बघितलं नव्हतं. आता हा राग घेऊन कुणाकडे जायचं?

दुसऱ्या दिवशी मी माझ्या हातानं संगणकातला तो आकडा पुसला आणि वहीत रेघ मारली.

वर्षभरानं शोधनिबंध छापून आला. वर बारा नावं आहेत. बाबांचं नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही नाही. चौथ्या पानावर एक ओळ आहे तेवढी: एकतीस वर्षांतल्या एका दिवसाची नोंद उपलब्ध नाही.

मी ती त्यांना वाचून दाखवली.

"बरोबर लिहिलंय," बाबा म्हणाले.