बत्तीस की चौसष्ट

आमच्या हिची मराठीची पहिली ऑनलाइन शिकवणी रविवारी चार वाजता सुरू व्हायची होती. नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून हैदराबादला आलेल्या घरांतली नऊ मुलं. मराठी बोलतात फर्डी, पण 'क' समोर आला की अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. त्यांना पडद्यावर अक्षरं गिरवून दाखवणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढवायची जबाबदारी मी मोठ्या थाटात उचलली होती. "तू फक्त शिकव. यंत्राचं मी बघतो!"

तीन वाजता सॉफ्टवेअरने एकच प्रश्न विचारला. तुमची सिस्टीम बत्तीस बिटची की चौसष्ट?

"कितीची आहे हो आपली?"

"अगं, डब्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं," म्हणत मी टेबलाखाली शिरलो.

लिहिलेलं होतंही. पण दर दसऱ्याला आम्ही त्या डब्याची पूजा करतो, आणि स्वस्तिक काढायला मी दरवर्षी नेमकी स्टिकरचीच गुळगुळीत जागा निवडत आलो होतो. सात दसऱ्यांच्या हळदकुंकवाचा तिथे गिलावा झाला होता. खोबरेल तेल आणि जुना बनियन घेऊन मी उत्खनन सुरू केलं. आधी सहा उजळला, मग चार. मी कोपरापर्यंत लाल होऊन बाहेर आलो आणि दरबारात गरजावं तसा गरजलो, "चौसष्ट!"

चौसष्टचं सॉफ्टवेअर उतरवलं. यंत्र म्हणालं, हे इथे चालणार नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. साडेतीन होऊन गेले.

"पूजेत काही राहून गेलं असेल का?" हिने अगदी गोड आवाजात विचारलं.

शेवटी कोठी बाजारातल्या ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता, तिथे फोन लावला.

"भाई, स्टिकर पे चौसठ लिखा है!"

"साब, वो तो घर के बाहर का बोर्ड है. अंदर कौन रह रा, वो स्क्रीन पे दिखता. अम्मा हैं क्या बाजू में? उनको देओ फोन."

अम्मांनी, म्हणजे हिने, माउस घेतला. 'धिस पीसी'वर उजवं बटण दाबलं, मग 'प्रॉपर्टीज'. तिथे एका ओळीत सगळं होतं: ऑपरेटिंग सिस्टीम बत्तीस बिटची, प्रोसेसर चौसष्टचा.

"बघ! चौसष्ट आहेच! पण आत बत्तीस घातलं कुणी?"

"आपीच बोले थे ना साब," फोनमधून आवाज आला. "पुराने प्रोग्राम चलना बोलके."

मला बाजूला सारून हिने बत्तीसचं सॉफ्टवेअर चढवलं, आणि ते निमूटपणे बसलं. चार वाजायला दोन मिनिटं होती.

ठरल्या वेळी पडद्यावर नऊ चेहरे उगवले आणि मधोमध हिने काढलेला टपोरा 'क'.

"आंटी," एक मुलगी म्हणाली, "तुमच्या मागे अंकल नाचतायत."

नाचत होतोच. हिने मागे न बघता कॅमेरा जरासा डावीकडे वळवला आणि म्हणाली, "आता ही दांडी वरून खाली ओढायची."