हुमेराने केलेला 'पुश बॅक'

हुमेरा मुकुंदनगरची. वडील रिक्षा चालवतात. आयटीआय करून ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, तयार नगांची मापं तपासायला ट्रेनी म्हणून लागली. परदेशी ग्राहकाशी व्हिडिओ कॉल असतात, म्हणून सावेडीला माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. तिचं वर्षाचं ट्रेनिंग या महिनाअखेर संपतंय. पुढे कायम करणार की घरी पाठवणार, ते ठरायचं होतं.

"आंटी, गोरा काही बोलला की आमचे ओंकार साहेब येस सर, येस सर. मी पण येस सर."

"आणि पटलं नाही तर?"

"तर घरी जाऊन अम्मीशी भांडते!"

मग मी तिला 'पुश बॅक' शिकवलं. समोरच्याचं पटलं नाही, की आवाज न चढवता, कारण देऊन, तिथल्या तिथे विरोध करायचा. हे भांडण नव्हे, रुसवा नव्हे, आणि माघार तर नव्हेच. त्याचं म्हणणं आपण ऐकलंय हे आधी सांगायचं, मग आपली बाजू. गोरा साहेब मी व्हायचे. एकेक वाक्य दहादा म्हणून घेतलं.

काल, मंगळवारी, साडेपाचला ती धापा टाकत आली.

"आंटी, केलं! पुश बॅक केलं!"

ग्राहक कॉलवर म्हणाला होता, बुशची, म्हणजे त्या पोकळ लोखंडी नळ्यांची, भोकं लहान आहेत, चारशे नग परत पाठवतो. तपासलेले हिनेच, म्हणजे चूक हिच्याच नावावर. ओंकार साहेबांनी 'येस सर' म्हणायला तोंड उघडलं, तोच ही बोलली. तुमचं म्हणणं समजलं, पण मला ते मान्य नाही. तुम्ही प्लेटिंगनंतर, म्हणजे मुलामा चढून भोक बारीक झाल्यावर मोजलंत, ड्रॉइंगमधलं माप प्लेटिंगआधीचं आहे, तिसरी टीप बघा.

"मग?" मी खुर्चीतून उठलेच.

"त्याने ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाला, यू आर राइट. माल ठेवून घेतोय!"

मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या रतनबाई डोकावल्या.

"आणि तुझे साहेब?"

"म्हणाले, लई तोंड फुटलंय तुला. कायम केल्याचं पत्र पुढच्या महिन्यात बघू. मी म्हटलं, समजलं सर, पण ट्रेनिंग याच महिन्यात संपतंय, तेव्हा पत्रही याच महिन्यात पाहिजे."

"बाई गं! मग?"

"पत्रासाठी शुक्रवारी कागदपत्रं घेऊन बोलावलंय."